कृष्णाकाठच्या दगडांवर निदान साल तरी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी आपल्या पेपरची जुनी वाचक आहे पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल, समजून घ्या. मागच्या रविवारी आम्ही घरचे सगळे कृष्णाकाठची देवळं बघायला गेलो होतो, एका दिवसात धोम, मेणवली, वाई, लिंब आणि शेवटी माहुली. मी, मिस्टर, सातवीतला मुलगा, धाकटे दीर (गाडी त्यांचीच) आणि आमच्या आई म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचं माहेर वाई तालुक्यातलं, म्हणून खरं तर हा सगळा घाट त्यांच्यासाठीच घातला. गुडघे दुखतात, आता नाही तर कधी, असं चाललं होतं त्यांचं दिवाळीपासून.

पुण्याहून पहाटे साडेपाचला निघालो, खंबाटकी ओलांडली, सुरूर फाट्याला चहा घेतला आणि वाई मागे टाकून सरळ धोमला गेलो, कारण आईंचं म्हणणं की नदी जशी वाहते तसं आपण उतरायचं, उलटं नाही. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा धोमच्या धरणातून खाली येते आणि तिथून तिच्या काठाकाठानं आपण जायचं. मला आधी हे उगाच वाटलं पण दिवस संपताना पटलं.

धोमला महादेवाच्या देवळासमोर एक दगडी कुंड आहे, कमळाच्या आकाराचं, आणि त्यात मध्ये एक भलं मोठं दगडी कासव, त्या कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलं की कासव पाण्यावर तरंगतंय आणि नंदीला घेऊन महादेवाकडे निघालंय असं दिसतं. आम्ही गेलो तेव्हा तळाला थोडंसंच पाणी होतं तरी मुलगा दहा मिनिटं तिथून हलला नाही. त्यानंच पहिला प्रश्न विचारला, "आई, हे कोणी केलं, आणि कधी?" मी इकडे तिकडे बघितलं, मला तरी कुठे काही लिहिलेलं दिसलं नाही, शेवटी मिस्टरांनी मोबाईल काढला पण रेंज नव्हती. हा प्रश्न दिवसभर आमच्याबरोबर फिरला आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट. सिनेमावाल्यांनी हा घाट इतक्या वेळा दाखवलाय की पहिल्यांदा येणाऱ्यालाही ओळखीचा वाटतो, त्यामुळे गर्दी असते आणि गर्दीतले बहुतेक जण "इथे शूटिंग झालं होतं" एवढंच बोलतात. पेशवाईच्या अभ्यासकांना मेणवली दफ्तर, म्हणजे नानांच्या कागदपत्रांचा संग्रह, माहीत असतं, पण घाटावर उभ्या असलेल्या माणसाला ते कोण सांगणार. घाटावर मेणेश्वर आणि विष्णू अशी दोन देवळं आणि त्यांच्याजवळ ती प्रसिद्ध घंटा. चिमाजीअप्पांनी 1739 ला वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या गेल्या, त्यातली ही एक, पुढे नानांच्या मेणवलीत आली. घंटेवर मेरी आणि बाळ येशू कोरलेत आणि साल आहे 1707.

मुलगा वाकून बघत होता, आईंनी विचारलं काय बघतोस, तो म्हणाला आज्जी ही येशूची आई आहे. आईंनी चप्पल बाजूला काढली आणि दोन्ही हात जोडले. "आईच हाय ना ती, कडेवर लेकरू हाय," एवढंच म्हणाल्या. मला तिथं भरून आलं.

पण गोष्ट त्या सालाची. त्या अख्ख्या दिवसात मुलाला दगडावर किंवा धातूवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आलेलं हे पहिलं साल. त्यानं ते वहीत लिहिलं, 1707. आणि मग विचारायला लागला की तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं. मी शाळेत इतिहास शिकवत नाही पण आवड आहे, म्हणून एवढं माहीत होतं की 1707 ला औरंगजेब वारला आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले. 1689 ला रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते आणि आईबरोबर, येसूबाईंबरोबर, कैदेत गेले. सुटले ते एकटेच, येसूबाई अजून बारा वर्षं तिकडेच राहिल्या, 1719 ला परत आल्या. मुलानं तेही लिहून घेतलं. मला वाटलं झालं, विषय संपला. पण हा 1719 आम्हाला संध्याकाळपर्यंत परत भेटणार होता.

वाईला गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपती. आईंच्या लहानपणच्या सगळ्या आठवणी इथल्या. वाईला आळीआळीचे सात घाट आणि प्रत्येक घाटावर कृष्णाबाईचा उत्सव वेगळा, थंडीत सुरू होतो तो एकामागून एक घाटावर चालूच असतो, मांडव, पूजा, कीर्तन, प्रसादाला अख्खी आळी. आई सांगतात नदीला आम्ही नदी म्हणतच नव्हतो, कृष्णाबाई म्हणायचो, घरातल्या मोठ्या बाईसारखं. बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की कन्यागत पर्वणी, मागची 2016 ला झाली, आई तेव्हा दोन दिवस येऊन राहिल्या होत्या, आता 2028 ची वाट बघतायत.

गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 ला बांधलं. अवाढव्य मूर्ती आहे, एका दगडातली, म्हणून ढोल्या. सगळे समोरून दर्शन घेतात, फोटो काढतात, भजी खातात आणि जातात. देवळाच्या मागे कोणी जात नाही, आणि खरं बघण्यासारखं तिथं आहे. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, नदीच्या येत्या पाण्याकडे निमुळती, पूर आला की पाणी तिथं फाटतं आणि दोन्ही बाजूंनी वाहून जातं, देवळावर सरळ धडक बसत नाही. अडीचशे वर्षांपेक्षा जास्त काळ कृष्णेचे पूर झेलून देऊळ उभं आहे ते या भिंतीच्या जिवावर. माझे दीर सिव्हिलवाले आहेत, ते त्या भिंतीपाशी इतका वेळ उभे राहिले की आम्हाला हाका माराव्या लागल्या. म्हणाले वहिनी, आम्हाला कॉलेजात पुलाचे खांब शिकवताना हेच शिकवलं, पण वाईला या आणि बघा असं कोणी नाही सांगितलं.

आणि 1762 म्हणजे काय, तर पानिपत होऊन एकच वर्ष झालं होतं. रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं माहेर. जानेवारी 1761 मध्ये त्यांचा विश्वासराव पानिपतावर पडला, जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले, आणि पुढच्याच वर्षी भावानं वाईच्या घाटावर हे देऊळ बांधलं. मी यात नसलेला अर्थ भरत नाहीये, पण हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या देवळात उभं राहताना वेगळं वाटतं की नाही सांगा. जवळच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तेही रास्त्यांचंच, आनंदरावांनी 1757 ला बांधलेलं, म्हणजे पानिपताच्या आधी. काळ्या दगडाचा नंदी इतका गुळगुळीत की हात फिरवावासा वाटतो.

जेवण एका खानावळीत, पिठलं भाकरी ठेचा, छान होतं.

आता मनाला लागलेली गोष्ट. दिवसभरात बघितलेल्यापैकी एका ठिकाणी (नाव मुद्दाम लिहीत नाही, कोणाला दुखवायचं नाहीये) जुन्या दगडी खांबांना चक्क ऑइल पेंट मारलाय, खांब पिवळे, कोरीव पट्ट्या लाल, आणि फरशीच्या फटीत सिमेंट. रंगाचे पोपडे सुटलेत आणि पोपड्याबरोबर दगडाचा वरचा थरही निघतोय. कारण दगडातली ओल बाहेर पडायला वाट लागते, रंगानं तोंड बंद केलं की ती आतच राहते आणि दगड सडल्यासारखा होतो, जुन्या लोकांनी चुना वापरला तो उगाच नाही. दीर हे सांगत होते तेव्हा तिथले एक वयस्कर गृहस्थ ऐकत होते, ते म्हणाले अहो गावानं वर्गणी काढून रंगवलंय, चांगलं दिसावं म्हणून. त्यांच्या बोलण्यात देवळाबद्दलचं प्रेम होतं, खोट नव्हती. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हे किती जुनं आहे आणि याला काय चालतं काय नाही. माझं म्हणणं तेच आहे साहेब. ज्याला माहीत नाही तो रंग मारतो, नाव कोरतो, तंबाखू थुंकतो, आणि त्याला माहीत व्हावं असं आपण काहीच करून ठेवलेलं नाही. एका जागी फलक होता, नाही असं नाही, पण त्यावर मोठी अक्षरं होती ती आवारात काय काय करू नये त्याची, आणि इतिहास खाली दोन ओळीत, गंजामुळे त्यातलंही निम्मं वाचता येत नव्हतं.

लिंबची विहीर हा आमच्या दिवसातला सगळ्यात मोठा आनंद, त्यामुळे तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. हायवे सोडून आत गेलं की लिंब गाव, तिथली बारा मोटेची विहीर. वरून बघितलं तर अष्टकोनी, आणि पायऱ्यांचा मार्ग धरून एकूण आकार शिवलिंगासारखा. खोली 110 फूट आणि व्यास 50 फूट सांगतात. पायऱ्या उतरून आत गेलं की विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल आहे, चक्क दगडी खोल्या, कोरीव खांब, बसायला जागा. दारावर शरभाची, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची, शिल्पं. भर दुपारी आत इतकं गार होतं की आईंनी पदर गुंडाळून घेतला. नाव बारा मोटेचं असलं तरी मोटांच्या जागा पंधरा आहेत, मुलानं मोजल्या.

तिथं पंधरा वीस माणसं होती, एका जोडप्याचं प्रीवेडिंगचं शूटिंग चाललं होतं, मुलगी घागरा सांभाळत पायऱ्यांवर उभी, कॅमेरावाला ओरडतोय. मुलानं आज्जीला विचारलं मोट म्हणजे काय. आणि मग आमच्या आई, ज्या एरवी चार माणसांत तोंड उघडत नाहीत, त्या सुरू झाल्या. त्यांच्या वडिलांच्या मळ्यात मोट होती. "हितनं चामड्याची मोट खाली सोडायची, नाडा आन् सोंदूर बैलांच्या शिवळंला बांधल्याला, मग बैल या धावंवरनं खाली उतारानं चालायचे, तशी मोट वर यायची आन् ह्या थारोळ्यात रिकामी व्हायची, थारोळ्यातनं पाणी पाटाला, पाटातनं रानात. आन् बैलं परत मागं यायची, उलटी, तोंड तिकडंच ठिवून. त्यास्नी कळायचं. माझा बाप गाणं म्हणायचा तवा, गाणं थांबलं की बैलं थांबायची." हातानं दाखवत होत्या कुठे काय असायचं. मुलगा म्हणाला म्हणजे इथे पंधरा जोड्या बैल एकदम? आई म्हणाल्या हा, आन् पंधरा गडी, आन् किती आवाज आसंल बघ.

आणि संपादक साहेब, मी वर बघितलं तर सगळे थांबून ऐकत होते. ते प्रीवेडिंगवालं जोडपं पण, त्या मुलीनं घागरा गोळा करून आईंच्या शेजारी बसून घेतलं आणि विचारलं आज्जी मग बायका काय करायच्या. कॅमेरावाल्यानं आईंचा व्हिडिओ घेतला. अर्धा तास गेला तिथं. लोकांना नुसते फोटो पाहिजेत, इतिहास नको, असं जे आपण म्हणत असतो ना ते खोटं आहे. सांगणारा भेटला की लोक ऐकतात, मी डोळ्यांनी बघितलं.

ही विहीर बांधली वीरूबाई भोसल्यांनी, शाहू महाराजांच्या काळात, पुढच्या आमराईला पाणी मिळावं म्हणून. इथं शिलालेख आहे, शके 1641 ते 1646. शकात 78 मिळवायचे हे मी मुलाला सांगितलं, त्यानं बेरीज केली, आणि ओरडलाच, "आई 1719! येसूबाई आल्या ते साल!" खरंच की. ज्या साली राजमाता तीस वर्षांनी साताऱ्याच्या मुलखात परत आली त्याच साली ही विहीर खणायला घेतली होती. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही, पण त्या मुलाच्या डोक्यात ते साल आता जन्मभर राहील. पाठ्यपुस्तकातल्या सनावळ्या त्याला नकोशा असतात, परीक्षेच्या आदल्या रात्री रडतो. इथं आकडा त्यानं स्वतः शोधला.

माहुलीला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. महाबळेश्वरला कृष्णेबरोबरच निघालेली वेण्णा दुसऱ्या वाटेनं साताऱ्याकडून येते आणि इथं तिला भेटते, म्हणून संगम. संगम माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 च्या सुमारास बांधलेलं, पलीकडे क्षेत्र माहुलीला रामेश्वर. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे या क्षेत्र माहुलीचे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर त्यांचा काका रघुनाथराव याला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे आणि मग पुणं सोडून वाईजवळच्या खेड्यात येऊन राहिलेले रामशास्त्री, आणि त्याच रघुनाथरावाविरुद्ध बारभाईंचा, म्हणजे पेशवाईतल्या मुत्सद्द्यांच्या गटाचा, कारभार उभा करणारे मेणवलीचे नाना, दोघंही या एकाच नदीचे. सकाळी एकाचा घाट बघितला, संध्याकाळी दुसऱ्याचं गाव.

पण माहुलीला माझे पाय अडले ते समाध्यांपाशी. शाहू महाराजांची समाधी इथं, 1749 ला गेले ते. त्यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी पण आहे, वाघापासून महाराजांना वाचवलं असं सांगतात, मुलाला ती जास्त आवडली. महाराणी ताराबाईंची समाधी इथं. राजाराम महाराज गेल्यावर पंचविशीत औरंगजेबाशी लढायला उभी राहिलेली बाई, 1761 च्या डिसेंबरात गेली, म्हणजे पानिपताची बातमी ऐकून गेली. आणि येसूबाईंची समाधीही इथंच. सकाळी मेणवलीत ज्यांची गोष्ट सुरू झाली त्या इथं विसावल्या आहेत. या समाध्या शोधायला आम्हाला चार जणांना विचारावं लागलं. एकानं उलट दिशेला पाठवलं, एका कॉलेजच्या पोरानं सांगितलं मला माहीत नाही, मी इथलाच आहे पण कधी बघितली नाही. तो आमच्याबरोबर आला आणि समाधीपाशी गप्प उभा राहिला. माझ्या मुलानं त्याला वही दाखवली.

तर माझी मागणी काही मोठी नाही. सुशोभीकरण नको, लाईट शो नको, सेल्फी पॉइंट तर मुळीच नको. प्रत्येक ठिकाणी एक दगडी फलक, फ्लेक्स नाही, दगडीच, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरात साल, बांधणाऱ्याचं नाव, आणि ते पाण्याशी कसं जुळवून बांधलंय ते चार ओळीत. ढोल्या गणपतीच्या मागे बाणाची खूण, "भिंत बघा". लिंबला मोटेचं एक साधं चित्र, धाव कुठे थारोळं कुठे. खाली एक ओळ, "या दगडाला रंग देऊ नये". क्यूआर कोड लावायचा तर लावा पण तो वाचायला रेंज लागते आणि आमच्या आईंसारख्यांना तो वाचता येत नाही. जमलं तर गावातल्या दोन पोरांना माहिती देऊन रविवारपुरतं बसवा, लोक खुशीनं पैसे देतील, आम्ही दिले असते.

परत येताना साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि गाडीतच मिस्टरांशी बोलून ठरवलं की यातला एक फलक आपण आपल्या खर्चानं करून द्यायचा, आईंच्या पंचाहत्तरीनिमित्त, नाव सुद्धा नको त्यावर आमचं. अडचण एवढीच की कोणतं देऊळ ट्रस्टचं, कोणतं खासगी, कोणतं पुरातत्त्व खात्याकडं, हे जागेवर कोणी सांगत नाही आणि न विचारता ठोकून बसवणं बरोबर नाही. धोम ते माहुली या प्रत्येक ठिकाणी फलकाची परवानगी कोणाकडे मागायची, एवढं आपल्या वार्ताहरांकडून विचारून एकदा आपल्या पेपरात छापाल का? पुढच्या कृष्णाबाईच्या उत्सवाच्या आत कळलं तर फार बरं होईल, आई तेव्हा वाईला जाणारच आहेत.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे